पिन कुणी दाखवायची

विशाल : ...आणि तो डीपी काढायला सांग तिला. आठवडा झाला.

दर्शना : कुणाला?

विशाल : प्रांजलला. तुझ्या मुलीला. मोबाइल उघडला की सम्यक. एका हातात पिन, दुसरा हात सॅल्यूटला, मागे विमान, वर संध्याकाळचं लाल आभाळ. खाली लिहिलंय काय, तर 'आमचे काका'.

दर्शना : मग काका नाही का तो तिचा? सम्यककाका म्हणायचं, हे तूच शिकवलंस तिला.

विशाल : फौजेत होता तोवर काका ठीक होता. वर्षातून एकदा यायचा, कँटीनचं सामान आणायचा, जायचा. आता रोज माझ्याच शिफ्टला, माझ्याच विमानाखाली. घरी आलो की बिल्डिंगच्या ग्रुपवर. आणि वर पोरीच्या डीपीला.

दर्शना : चहा पी, गार होतोय.

विशाल : फोटो काढला कुणी माहितीये? खिडकीत बसलेल्या कुठल्या तरी पॅसेंजरने. काढून नेटवर टाकला. सतरा वर्षं त्याच जागेवर उभा राहून मी तीच पिन दाखवतोय. एकाला वाटलं नाही माझा फोटो काढावा.

दर्शना : काढला असेल कुणीतरी. तुला पाठवला नसेल.

विशाल : मस्करी कर तू.

दर्शना : मस्करी नाही करत. त्या पिनचं कौतुक तुला किती आहे, ते मला माहिती नाही होय? मला बघायला आलास तेव्हा पोह्यांचा चमचा वर धरून बाबांना समजावत होतास. ट्रॅक्टरने विमान मागे ढकलायचं, तोवर पुढच्या चाकाला पिन लावायची, म्हणजे पायलटचं स्टिअरिंग बंद. ढकलून झालं की पिन काढायची, बाजूला उभं राहायचं आणि लाल रिबीन लावलेली ती पिन त्याला दिसेल अशी वर धरायची. त्याने बघून हात केला की विमान त्याचं. बाबा म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण त्याला पोहे खाऊ द्या आधी.

विशाल : तेव्हा ऐकणारं कुणीतरी होतं.

दर्शना : आता पण ऐकतेच आहे की. सकाळपासून.

विशाल : मग शाळेचं ऐक. विज्ञान दिनाला वर्गात पाहुणा न्यायचा होता. विषय काय? विमान. फौज नाही, लढाई नाही, विमान कसं उडतं. आणि तिने नेलं कुणाला? सम्यकला. अगं, त्याने वीस वर्षं विमानाच्या पोटाखाली बॉम्ब टांगले. आर्मामेंटवाला तो. विमान कसं उडतं हे त्याला विचारायचं म्हणजे नवरी कशी आहे ते बँडवाल्याला विचारण्यासारखं आहे.

दर्शना : तुला दोनदा विचारलं होतं तिने.

विशाल : कधी?

दर्शना : एकदा तू गरम पाण्यात पाय सोडून बसला होतास. म्हणालास, मी काय सांगणार, मी चाकात हवा भरतो आणि काचा पुसतो. दुसऱ्या वेळी टीव्हीवरची नजरसुद्धा काढली नाहीस, पण उत्तर तेच दिलंस. अजून किती वेळा विचारायचं पोरीने?

विशाल : तिसऱ्यांदा विचारायचं. बापाला तिसऱ्यांदा विचारलं तर काय बिघडतं?

दर्शना : जळतोयस तू, विशाल.

विशाल : हो, जळतोय. त्यात लपवायचं काय? त्याला समोरून येताना बघितलं की जळफळाट होतो माझा. त्याचं चालणं बघ, बूट बघ, इस्त्री बघ. आपल्याकडे ग्रीस लागलेल्या कपड्याला इस्त्री करतं का कुणी? हा करतो. ज्युनियर पोरं त्याच्याभोवती गोळा होतात, सम्यकदादा, मिसाइल कसं चढवायचं सांगा ना. मी तोंड उघडलं की प्रत्येकाला घरी फोन करायची आठवण येते.

दर्शना : तू पण त्याच तीन गोष्टी सांगतोस, त्यांना तरी किती वेळा...

विशाल : भरतीला दोघं गेलो होतो आम्ही. पहाटे त्याच्या दाराची कडी वाजवून त्याला पळायला कोण न्यायचं? मी. असल्फ्याचा चढ चढताना धाप कुणाला लागायची? त्याला. आणि तिथल्या डॉक्टरने काय केलं, तर ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं. याचा ठसा मस्त कमानदार. माझा म्हणजे थापलेली भाकरी. सपाट पाय, घरी जा. आता त्याच सपाट पायांनी दिवसभर विमानाभोवती फिरतो, ते चालतं सगळ्यांना.

दर्शना : त्या डॉक्टरला आता नातवंडं झाली असतील. त्याला सोड. उद्या नंदकुमार सरांना काय सांगणार आहेस ते सांग.

विशाल : जे आहे ते. सहा महिने झाले, सम्यकला पक्कं करायचं का, त्याच्या एकट्याच्या भरवशावर विमान सोडायचं का, असं विचारलंय सरांनी. मी सांगणार, नाही.

दर्शना : का?

विशाल : गुरुवारी फ्लाइट लेट केली त्याने.

दर्शना : त्याने केली?

विशाल : पायलटशी बोलायचा हेडसेट त्याच्या कानाला होता. त्या वेळी विमान हेडसेटवाल्याच्या ताब्यात असतं. लेट झालं तर त्याचंच नाव.

दर्शना : आणि पिन कुठे होती?

विशाल : सांगितलंय ना तुला परवा.

दर्शना : पुन्हा सांग. परवा तू हसत हसत सांगितलं होतंस.

विशाल : माझ्या खिशात होती. मग?

दर्शना : मग काही नाही. पुढे बोल.

विशाल : चाकाची पिन काढणं माझंच काम होतं. काढली. ती त्याच्या हातात द्यायची असते, ती नाही दिली. खिशात घातली आणि पंखाच्या टोकाकडे चालू पडलो. म्हटलं, आता रिकाम्या हाताने ठोक सॅल्यूट, बघू कोण फोटो काढतो. अगं, कुणीही असता तर त्याने अंगठा दाखवून विमान सोडलं असतं. पिन निघालीये हे चाकाकडे बघितलं की कळतं. धोका शून्य. पण हा हेडसेटवर म्हणतो, कॅप्टन, थांबा, पिन माझ्या हातात नाही. आणि डोक्यावर मनगटं आडवी धरून, 'थांबा'ची खूण करून उभा. मागे दुसरं विमान आत यायला खोळंबलेलं, ट्रॅक्टरवाला शिव्या घालतोय, आणि हा हलत नाही.

दर्शना : आणि तू?

विशाल : मी काय करणार? चाकाजवळ पडलेली सापडली असं दाखवून नेऊन दिली. त्याने घेतली, वर धरली, वर सॅल्यूट. तोही कडक.

दर्शना : आणि मेमो त्याला मिळाला.

विशाल : तोच सरांना म्हणाला, पिन सांभाळणं माझं काम होतं. मी कशाला मध्ये पडू?

दर्शना : उद्या तू नाही म्हणालास की त्याची नोकरी जाणार.

विशाल : फौजेतला माणूस आहे तो. त्याला दहा मिळतील.

दर्शना : दहा मिळतात तर सहा महिने तुझ्या हाताखाली कशाला राबला असता? त्याला ठाऊक आहे का, पिन तुझ्या खिशात होती ते?

विशाल : कसं ठाऊक असणार? तो विमानाच्या नाकाशी, मी पंखापाशी. बेल वाजली बघ. या वेळेला कोण?

दर्शना : सम्यकभाऊजी असतील. त्यांची जया माहेरी गेलीये, म्हणून मीच जेवायला बोलावलंय.

विशाल : कोलंबी केलीयेस ना आज?

दर्शना : हो.

विशाल : म्हणजे आता माझी कोलंबी पण.

दर्शना : तोंड नीट कर, मी दार उघडतेय. या भाऊजी.

सम्यक : जय भीम, वहिनी. उशीर तो नहीं हुआ? खाली कमिटीवाल्यांनी धरलं होतं. एक मेला झेंडा मीच फडकवायचा म्हणतात.

विशाल : वा. अजून काय राहिलंय? गणपतीची आरती पण तूच कर.

सम्यक : मी नाही म्हणालो त्यांना. सांगितलं, विशालला विचारा, या बिल्डिंगसाठी सगळ्यात जास्त धावपळ त्याने केलीय.

विशाल : आणि ते काय म्हणाले?

सम्यक : बघतो म्हणाले.

विशाल : बघतील हां. बस.

सम्यक : वहिनी, ही बरणी घ्या. कारळ्याची चटणी. मीच केली सकाळी. जया असती तर तिने हात लावू दिला नसता. विशाल, जरा चाखून सांग ना यार.

विशाल : मी का?

सम्यक : मायच्या हातची तशी झाली का, ते तुलाच कळणार. मला चव नीट आठवत नाही.

विशाल : सोनूमावशीच्या हातची? आण. ...नाही रे. लसूण चुकला.

सम्यक : जास्त झाला?

विशाल : जास्त नाही. चुकला.

सम्यक : म्हणजे केव्हा घालायचा?

विशाल : ते नाही सांगणार मी.

दर्शना : विशाल.

विशाल : काय विशाल? सगळं यालाच द्यायचं का? एवढं राहू दे माझ्याकडे.

दर्शना : भाऊजी, मी दाखवेन तुम्हाला. मावशींनी मला पण शिकवलीये.

सम्यक : ठीक है. बघा ना वहिनी, माझ्या मायची चटणी, आणि मी सोडून सगळ्यांना येते.

विशाल : गुरुवारचं विचारू एक?

सम्यक : विचार.

विशाल : कशाला अडवलंस विमान? पिन निघालेली तुला दिसत होती. नागपूरला जाणारी साधी फ्लाइट. त्यात काय बॉम्ब होते?

सम्यक : मला दिसत होती. कॅप्टनला नव्हती दिसत.

विशाल : तू सांगितलंस की झालं.

सम्यक : नाही होत ते, विशाल. आमच्याकडे बॉम्ब लावला की त्याला पिना असतात, अशाच लाल फितीच्या. त्या असेपर्यंत बॉम्ब झोपलेला. विमान रनवेच्या तोंडाशी गेलं की आम्ही विमानाखाली शिरून एकेक पिन काढायचो, मग सगळ्या एका मुठीत धरून पायलटसमोर वर करायच्या. तो आतून बोटाने मोजायचा. एक जरी कमी दिसली तरी हलायचा नाही. वर बसलेल्याला खालचं काही दिसत नाही रे. त्याला फक्त आपला हात दिसतो. तो रिकामा दाखवायचा नसतो.

विशाल : भाषण छान आहे. विज्ञान दिनाला हेच केलंस का?

दर्शना : विशाल, बस झालं.

सम्यक : बोलू द्या वहिनी. तिथे मी काय बोललो ते प्रांजलने सांगितलं नाही का?

विशाल : मी विचारलं नाही.

सम्यक : पोरं बॉम्बचंच विचारत होती. मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आमचं विमान रिकामं परत आलं की काम फत्ते. सराव असला तरी तेच. वीस वर्षं जे जे मी लावलं, ते परत येऊ नये म्हणूनच लावलं. मग त्यांना तुझं सांगितलं. प्रांजलचे पप्पा विमान भरून पाठवतात आणि ते भरलेलं परत येतं. पाठवताना टायर, ब्रेक, तेल, सगळं तेच बघतात.

विशाल : माझं नाव घेतलंस तू तिथे?

सम्यक : दुसरं काय सांगणार? मी इथे शिकलो ते तुझ्याकडूनच. प्रांजल रडायला आली होती थोडी.

विशाल : मला बोलली नाही ती.

दर्शना : तू टीव्ही बघत होतास.

सम्यक : अजून एक सांगू? हसू नको. लढाऊ विमानाला खिडक्या नसतात. इथे पहिल्या दिवशी पिन दाखवून झाली, आणि खिडकीतून एक म्हातारी हात हलवायला लागली. मी मागे वळून बघितलं, ही कुणाला हात करतेय? मग कळलं, मलाच. सॅल्यूट तेव्हापासून आहे माझा. कॅप्टनसाठी नाही तो. तुला हे सतरा वर्षं मिळालं.

विशाल : म्हातारी मला पण हात करते. पण फोटो काढत नाही.

सम्यक : फोटोचं काय घेऊन बसलास. तुझ्याकडे काय आहे ते तुला कळत नाही, आणि मला ते रोज दिसतं.

विशाल : काय आहे माझ्याकडे? सांग ना. सपाट पाय?

सम्यक : माझी माय आहे.

विशाल : म्हणजे?

सम्यक : ती गेली तेव्हा मी तळावर होतो. सराव चालू होता, सुट्टी मिळाली नाही. दवाखान्यात तू होतास. शेवटचं पाणी तू पाजलंस. मी दुसऱ्या दिवशी आलो, तुझ्या गळ्यात पडलो, म्हणालो, तुझे उपकार फिटणार नाहीत. दोन वर्षं सगळ्यांना तेच सांगतो. खरं सांगू? उपकार वगैरे काही वाटत नाही मला. राग येतो तुझा.

दर्शना : भाऊजी...

सम्यक : थांबा वहिनी, बोलू द्या. खाली मायच्या घरात राहायला आलो तर शेजारचे मला सांगतात, सोनूबाई विशालची वाट बघत जिन्यात बसायच्या. भाजीवाला विचारतो, तुम्ही सोनूबाईंचे कोण? म्हटलं, मुलगा. तो म्हणतो, मुलगा तर वरती सहाव्या मजल्यावर राहतो ना? घरात ती औषध कुठे ठेवायची ते तुला ठाऊक. चष्म्याचा नंबर तुला ठाऊक. लसूण केव्हा घालायचा ते तुला ठाऊक. मी जळतो तुझ्यावर, विशाल. रात्री झोपताना जळतो.

विशाल : खरंच?

सम्यक : खोटं कशाला बोलू?

विशाल : थोडं की जास्त?

सम्यक : जास्त.

विशाल : बरं वाटलं.

दर्शना : काय माणूस आहेस रे तू!

विशाल : अगं, खोटं कशाला सांगू? सहा महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. सम्यक, ती जिन्यात बसायची ते वाट बघायला नाही हां. दम लागायचा तिला. आणि माझी वाट बघितली तरी पहिलं वाक्य काय असायचं? आमच्या सम्यकचा फोन आला होता. रोज तेच. मी रिक्षा आणायची, मी डॉक्टरकडे न्यायचं, आणि रिक्षात बसून ऐकायचं काय, तर सम्यकला बढती मिळाली, सम्यकला थंडी सोसत नाही. रिक्षावाल्यालापण सांगायची. मला वाटायचं, एकदा तरी म्हण, विशाल दमला असेल.

सम्यक : मला कधी हे कौतुक ऐकवलं नाही तिने. फोनवर म्हणायची, विशालसारखा मुलगा पाहिजे.

विशाल : मला पण नाही बोलली ते.

दर्शना : म्हातारी भारी होती. दोघांनाही धरून ठेवलं होतं. आता जेवायला वाढू?

सम्यक : एक राहिलंय वहिनी. विशाल, उद्या सरांना काय सांगायचं ते तू सांग. मी विचारणार नाही. मेमो आहे माझ्या नावावर, नाही म्हणालास तरी कुणी तुला दोष देणार नाही. फक्त एवढं ध्यानात ठेव, पुढच्या वेळी रिबीन पूर्ण आत घालत जा.

विशाल : कसली रिबीन?

सम्यक : तुझ्या उजव्या खिशाबाहेर लोंबत होती. लाल आहे यार ती, लांबून दिसावी म्हणूनच लावतात.

विशाल : तुला दिसली?

सम्यक : तू वळलास तेव्हाच.

विशाल : आणि तरी तू मनगटं आडवी करून उभा राहिलास?

सम्यक : मला दिसली, पण कॅप्टनला नव्हती दिसली. सांगितलं ना मघाशी.

विशाल : मग नाव घ्यायचं होतंस ना माझं! विशाल, पिन आण, म्हणायचं. दोन शब्द.

सम्यक : हेडसेटवर? ते सगळं वर रेकॉर्ड होतं. तुझं नाव एकदा त्यात गेलं की चौकशीत तेच वाजवतात. मी गप्प उभा राहिलो, म्हटलं, येईल हा.

विशाल : आणि सरांना का नाही सांगितलंस?

सम्यक : मला पेन्शन आहे. नोकरी गेली तर चार महिने घरी बसेन. तुझी गेली तर प्रांजलचं काय? सोपा हिशोब होता. म्हटलं, मीच घेतो.

विशाल : तू घेतोस.

सम्यक : हां.

विशाल : ऐकलंस दर्शना? हा घेतो म्हणे. भरती याला, वर्दी याला, फोटो याला, झेंडा याला. आता माझ्यासाठी त्याग पण हाच करणार. मी आयुष्यभर याच्या उपकाराखाली, आणि हा रोज सकाळी जिन्यात भेटून हसणार, गुड मॉर्निंग विशाल. नाही परवडत मला. फोन कुठेय माझा?

दर्शना : कुणाला लावतोयस?

विशाल : सरांना.

सम्यक : विशाल, आज रविवार आहे. डोकं थंड कर आधी.

विशाल : तू गप्प बस. तुझ्यासाठी नाही करत मी हे.

(विशाल फोन लावतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

विशाल : हॅलो, सर, विशाल बोलतोय... हो, जेवणाची वेळ आहे, सॉरी सर. दोनच मिनिटं. सम्यकचं विचारलं होतंत ना... उद्या सांगणार होतो, आजच सांगतो. पक्कं करा त्याला... हो, एकट्याच्या भरवशावर सोडेल विमान. माझ्यापेक्षा... नाही, माझ्याइतकं चांगलं सोडेल... आणि गुरुवारचा मेमो मागे घ्या त्याचा. पिन माझ्या खिशात होती... नाही सर, विसरून नाही. घातली होती... हो, मुद्दाम... कारण? कारण सांगण्यासारखं नाही, सर... नाही, त्याने नाही सांगायला लावलं. त्याला सांगायचंच नव्हतं, तोच तर त्रास आहे... इथेच आहे तो, जेवायला आलाय... हो, सतरा वर्षं झाली, मला कळायला पाहिजे होतं... हो सर. उद्या येऊन लिहून देतो... ठीक आहे. ठेवतो.

दर्शना : काय म्हणाले?

विशाल : चौकशी होईल.

दर्शना : नोकरी?

विशाल : नोकरी जाणार नाही बहुतेक. आधी खूप शिव्या घातल्या, मग म्हणाले, स्वतःहून सांगितलंस ते बरं केलंस. पण हेडसेट काढून घेतला. चौकशी संपेपर्यंत चाकं, तेल, हवा. पिन लावायची, काढायची. दाखवायची नाही.

सम्यक : मग कोण दाखवणार?

विशाल : तू. अजून कोण आहे त्या शिफ्टला?

सम्यक : मी सरांशी बोलतो.

विशाल : बोलायचं नाही. एक शब्द नाही. माझी शिक्षा आहे ती, त्यात तू हात घालायचा नाहीस.

सम्यक : ठीक है.

दर्शना : मला तर रडावं की हसावं तेच कळत नाही. आणि प्रांजलला काय सांगायचं? क्लासवरून येईल आता.

विशाल : मी सांगतो. आज मी सांगतो तिला सगळं. तिने विचारलं नाही तरी.

दर्शना : आणि डीपी? काढायला सांगू का तिला?

विशाल : राहू दे. चांगला आलाय फोटो. पिन सरळ धरलीये त्याने.

सम्यक : धरायला तूच शिकवलंस.

विशाल : ते तिला सांग. खाली लिहायला लाव. आता जेव, कोलंबी गार होतेय. आणि एवढी घेऊ नकोस, मला पण ठेव.

सम्यक : लसूण केव्हा घालायचा ते तर सांग आता.

विशाल : नाही म्हटलं ना.

सम्यक : बरं. उद्या मी पिन दाखवत असताना तू कुठे असशील?

विशाल : पंखाच्या टोकाशी. गुरुवारी होतो तिथेच.

सम्यक : तिथून कॅप्टन दिसतो?

विशाल : नाही. तुझा हात दिसतो.